चढ आला की हब मोटर गप्प: हँडसायकलचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

सपाटीवर झकास पळते. घरी चाक उचलून थ्रॉटल दाबला की भिंगरीसारखं फिरतं. आणि साताऱ्यात राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे चढायला लागलं की शंभरेक मीटरवर धड-धड-धड, दोन हिसके, आणि गप्प. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की जणू काही झालंच नाही. पण तोंड चढाकडे वळलं की परत तेच.

माझ्या हँडसायकलने हा खेळ मला पाच महिन्यांत चार वेळा दाखवला. दर वेळी मी काहीतरी बदललं, दर वेळी दहा-पंधरा दिवस बरं गेलं, आणि मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. चौथ्या वेळी कळलं की मी ज्या गोष्टी बदलत होतो त्या मार खाणाऱ्या होत्या, मारणारा वेगळाच होता. तुमचीही मोटर अशीच चढावर दगा देत असेल तर बॅटरीवर किंवा कंट्रोलरवर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी) पैसे घालण्याआधी हे वाचा. तपासायला एक दहाचा पाना आणि पाच मिनिटं लागतात.

आधी गाडीची माहिती. मी अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली संवेदना नाही. खालच्या रस्त्याला मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. हँडसायकल म्हणजे खुर्चीच्या पुढे अडकवायचं एक चाक: वर हाताने फिरवायची पॅडलं, तिथून चेन खाली चाकापर्यंत. अडकवली की खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि खुर्ची तीनचाकी होते. माझी इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली आहे, १६ इंची चाकाची. दोन वर्षं निव्वळ हातांनी चालवली. पण साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे यायचं तरी चढच, आणि पुढे पश्चिमेला तर विचारूच नका. खांदे बोलायला लागले. आपल्यासारख्यांचे खांदे म्हणजेच पाय. ते गेले तर पलंगावरून खुर्चीवर यायचीही पंचाईत. म्हणून मोटर.

तयार जोडणीही मिळते. आयआयटी मद्रासमधून पुढे आलेल्या निओमोशनचं निओबोल्ट हे तशाच प्रकारचं, खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक आहे. मला मात्र हातांचा व्यायाम सोडायचा नव्हता, म्हणून आहे त्याच हँडसायकलच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॉटची गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमधच बसणारी मोटर, बसवली. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: हँडसायकलचं चाक पुढे असलं तरी चेन त्यालाच येते. त्यामुळे सायकलच्या पुढच्या चाकाची मोटर घेतली तर फ्रीव्हील (चेन अडकते ती दात्यांची चकती) बसवायला आटेच नसतात. मागच्या चाकाची मोटर घ्यावी लागते, आणि तिच्यासाठी चिमटा (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्या) १३५ मिलिमीटर रुंद लागतो. माझा चिमटा सुदैवाने तेवढाच होता.

आता माझ्या चुका, क्रमाने.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा बॅटरीवर संशय घेतला. कोणीही घेईल. चढावर करंट जास्त ओढला जातो, व्होल्टेज खाली बसतं, आणि ठरावीक मर्यादेखाली कंट्रोलर मोटर तोडतो. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ दाखवते आणि बहुतेक कंट्रोलर ३१ च्या आसपास तोडतात. मी डिस्प्लेवर नजर ठेवून चढ चढलो. बंद पडली तेव्हा आकडा ३५ च्या वर होता. म्हणजे बॅटरी निर्दोष. तरीही मी बॅटरीचा कनेक्टर बदलला, कारण रिकामे हात चैन पडू देत नाहीत. वायरी सोडवताना-जोडताना मोटरची केबल हलली, दोन धागे परत चिकटले असावेत, आणि गाडी बारा दिवस चालली. ह्या बारा दिवसांनी माझा घात केला. बिघाड ‘दुरुस्त’ झाला असं मी वहीत लिहूनही ठेवलं!

दुसऱ्यांदा कंट्रोलर. तो खरंच जळाला होता, वास आला होता, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. बावीसशे रुपये. का जळाला, हे मात्र मी विचारलं नाही. नवा लावताना एक शहाणपण केलं ते सांगतो: आधीचा कंट्रोलर पायाच्या पोटरीमागे बांधला होता. चढावर तो चांगलाच तापतो. मला पायाला काही कळत नाही, रात्री आईने पँट बदलताना पोटरीवर फोड बघितला. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी कंट्रोलर आणि बॅटरी पायांपासून लांबच ठेवावी, मग जागा कितीही सोयीची दिसो.

तिसऱ्यांदा हॉल सेन्सर. मोटरच्या आत तीन छोटे सेन्सर असतात, ते कंट्रोलरला सांगतात की चुंबक आत्ता कुठे आहे. त्यातला एक मुका झाला की कंट्रोलरला अंदाज लागत नाही आणि मोटर धडधडते. लक्षण तंतोतंत जुळत होतं. मोटर उघडली, तीन सेन्सर बदलले. मोबाईलच्या बोर्डावर दिवसभर डाग देणाऱ्याला हे काम म्हणजे सणासुदीचं. पंधरा दिवस छान. सोळाव्या दिवशी समर्थ मंदिराच्या चढावर धड-धड-धड.

मी मोबाईलवाला माणूस. मला प्रत्येक बिघाड वायरीत आणि बोर्डावर दिसतो. तिन्ही वेळा नटांकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं.

चौथ्या वेळी बघितलं तेही अपघाताने. भाची खुर्चीच्या दांड्याला गुलाबी नेलपॉलिश लावत बसली होती. तिला ओरडताना डोक्यात आलं की गाड्यांच्या मेकॅनिककडे नट घट्ट केल्यावर रंगाची खूण करतात. तीच बाटली घेतली. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या, टोकापासून नटावरून थेट चिमट्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, दोन्ही बाजूंना. वाळू दिली. समर्थ मंदिराचा चढ चढलो, बंद पडली, ओळखीच्या दोघांनी ढकलत खाली आणली.

घरी येऊन रेघ बघितली. नट आणि एक्सलवरची रेघ एकमेकींना जुळलेली होती, पण चिमट्यावरची रेघ त्यांच्यापासून जवळजवळ तीन मिलिमीटर सरकली होती. नट ढिला झाला नव्हता. नट आणि एक्सल हातात हात घालून, दोघं मिळून, फिरले होते. म्हणून पाना लावला की नट घट्टच लागायचा आणि मी निर्धास्त व्हायचो.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर आहे. हाताने पॅडल फिरवता तेव्हा जोर चेनमधून थेट हबला जातो. एक्सल नुसता मध्ये बसलेला असतो, त्याला पिळायचं काही कारण नाही. म्हणून दोन वर्षं माझ्या चिमट्याला काही झालं नाही. हब मोटरचं तसं नाही. चाकाला पुढे ढकलायचं तर मोटरला कशाला तरी मागे रेटावं लागतं, आणि ते ‘कशाला तरी’ म्हणजे एक्सल. जेवढा जोर चाकाला पुढे, तेवढाच पीळ एक्सलला उलट दिशेने. दोरीच्या खेळात पाय रोवायला जागा लागते ना, तसं.

हा पीळ अडवतो कोण? एक्सलच्या दोन सपाट बाजू. एक्सल १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी तासून १० चा केलेला. तासलेली ही सपाट पट्टी जेमतेम साडेसहा मिलिमीटर रुंद भरते. माझ्या मोटरचा चढावरचा जोर ३० न्यूटन-मीटरच्या घरात धरला आणि तो सगळा त्या साडेसहा मिलिमीटरवर टाकला, तर हिशोब साडेचारशे किलोच्या वर जातो. चिमट्याच्या दोन बाजूंत वाटला तरी प्रत्येक खाचेच्या (चिमट्यात एक्सल बसतो ती फट) काठावर सव्वादोनशे किलो. नट घट्ट असेल तर त्यातला बराच भार वॉशरच्या घर्षणाने पेलला जातो, पण नट जरा कमी पडला की सगळं त्या काठावर. माझ्या चिमट्याची पट्टी ४ मिलिमीटरची, तीही साधं लोखंड. हाताने चालवायच्या सायकलीला ती पुरेशी होती. फॅब्रिकेटरला दोष देणार नाही, त्याला कोणी मोटर बसवणार म्हणून सांगितलंच नव्हतं.

खाच एकदा अर्ध्या मिलिमीटरने पसरली की एक्सल प्रत्येक चढावर थोडा पुढे-मागे डुलतो. मोटरची केबल एक्सलच्या पोकळ टोकातून बाहेर येते. एक्सल डुलला की ती टोकाशीच पिळली जाते. आतल्या हॉलच्या वायरी केसांसारख्या बारीक. बाहेरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. चढावर पीळ बसला की तुटलेली टोकं लांब होतात आणि मोटर मुकी होते. थांबलात की पीळ सुटतो, टोकं परत टेकतात. म्हणून स्टँडवर मल्टिमीटर लावला की सगळं ठीक. आणि कधीतरी वायरींची सालं इतकी घासली जातात की मोटरच्या जाड वायरीतलं ३६ व्होल्ट हॉलच्या ५ व्होल्टच्या वायरीला भेटतं. माझा कंट्रोलर आणि एक हॉल सेन्सर त्यातच गेले, असं आता मागे वळून बघताना कळतं.

तर तुमच्याकडे हेच आहे का, ते असं बघा.

बॅटरी काढून ठेवा. चाक जमिनीवरच असू दे. नटाबाहेर आलेल्या एक्सलच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात, त्यावर दहाचा पाना घाला आणि मागे-पुढे हलवा. जोर लावायचा नाही, नुसतं डुलवायचं. एका हाताचं बोट केबल बाहेर येते त्या जागी ठेवा. टक-टक जाणवलं किंवा केबल बोटाखाली हलली, तर संशय संपला. काही जाणवलं नाही तरी नेलपॉलिशची रेघ ओढा आणि एक चढ चढून या. हलत्या फटीपेक्षा रेघ जास्त खरं बोलते.

मग केबल. ती एक्सलच्या तोंडाशी चपटी झालीय का, पिळाची सुरकुती दिसते का बघा. हॉल तपासायचे तर आधी थ्रॉटलचा प्लग काढून ठेवा, म्हणजे चुकून चाक सुटणार नाही. बॅटरी जोडा. हॉलच्या पाच वायरींपैकी लाल आणि काळी यांच्यात ५ व्होल्टच्या जवळपास यायला हवं. मग मीटरचं काळं टोक काळ्या वायरीवर ठेवून पिवळी, हिरवी, निळी एकेक बघत चाक सावकाश फिरवा; आकडा शून्याजवळ आणि पाचजवळ असा आळीपाळीने उड्या मारायला हवा. गिअरवाल्या मोटरचं चाक इथे उलटं फिरवायचं. सुलटं फिरवलं तर आतला क्लच सुटतो, मोटर फिरतच नाही, आकडा हलत नाही, आणि तुम्ही चांगल्या सेन्सरला मेलेला समजता. मी समजलो होतो. दुसरं, चाक उलटं फिरवलं की फ्रीव्हील पकडतं आणि हाताची पॅडलंही उलटी फिरायला लागतात, म्हणून आधी चेन उतरवा. नाहीतर पॅडलचा दांडा हनुवटीवर बसतो. ह्याचाही अनुभव आहे.

आकडा उड्या मारतोय तोवर दुसऱ्याला केबल एक्सलच्या तोंडाशी हळूच वाकवायला सांगा. वाकवताना आकडा गोठला, तर तुटकी वायर तिथेच आहे.

दुरुस्तीला मी एमआयडीसीकडच्या एका वेल्डिंगवाल्या आप्पांकडे गेलो. त्यांनी एक्सल पान्याने डुलवला आणि म्हणाले, “आरं, ह्यो तर फिरतोय की! चिमट्यालाच डाग मारून टाकू का? परत हलायचा न्हाई.”

“आप्पा, पंक्चर झाल्यावर चाक कसं काढू?”

“ते बी हाय म्हणा.”

एक्सल चिमट्याला वेल्ड करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. करू नका. पंक्चरचा प्रश्न आहेच, शिवाय उष्णतेने आतली केबल वितळते आणि बेअरिंगचं ग्रीस जळतं. आणि चिमट्यावर कुठलंही वेल्डिंग करायचं असेल तर मोटर, कंट्रोलर, बॅटरी तिन्ही उतरवून मगच.

पसरलेली खाच भरून पुन्हा कानशीने सारखी करता येते, पण आप्पांनी नको म्हटलं आणि मला ते पटलं. जुन्या ४ मिलिमीटरच्या पट्ट्या ग्राइंडरने कापल्या, ८ मिलिमीटरच्या नव्या जोडल्या. खाच आधी ९.८ वर ठेवली आणि मग एक्सल हातात घेऊन कानशीने एकेक घासा मारत, एक्सल अंगठ्याने दाबल्यावर कचकन बसेल इतकीच मोठी केली. ह्या कामाला अर्धा तास गेला. सगळ्या दुरुस्तीत हाच अर्धा तास सगळ्यात मोलाचा. तुमचा चिमटा अॅल्युमिनियमचा असेल तर मात्र ह्या फंदात पडू नका. अॅल्युमिनियमची खाच लोखंडासारखी पसरत नाही, तडकते, आणि चालत्या गाडीत चाक बाहेर येतं. लोखंडी चिमटा करून घ्या.

नुसती घट्ट खाचही पुरत नाही. पीळ अडवायला आडवा हात द्यावा लागतो, ज्याला टॉर्क आर्म म्हणतात. ६ मिलिमीटर जाडीची, २५ रुंदीची, सव्वाशे मिलिमीटर लांबीची लोखंडी पट्टी. एका टोकाला एक्सलच्या मापाची १० मिलिमीटरची खाच, तीही तशीच कचकन बसणारी. दुसरं टोक चिमट्याच्या दांडीला बोल्टने बांधलेलं. हिशोब बघा: तोच ३० न्यूटन-मीटरचा पीळ, पण आता एक्सलपासून १० सेंटिमीटरवर अडवला, तर बोल्टवर येतो फक्त तीसेक किलो. कुठे साडेचारशे आणि कुठे तीस. बोल्टसाठी दांडीवर कान (भोकाची छोटी पट्टी) वेल्ड करून घ्या. नुसत्या पाइपाच्या क्लिपने बांधलेला टॉर्क आर्म दांडीवर हळूहळू घसरतो. आणि दोन्ही बाजूंना लावा. एका बाजूला लावून चालतं असं म्हणणारे भेटतील, त्यांच्या गावात चढ नसेल.

बसवताना मी तीन बारीक गोष्टी पाळल्या. खाचेभोवतीचा पावडर कोटिंगचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढला, कारण वॉशरखाली रंग राहिला की तो दाबला जाऊन पातळ होतो आणि आठवड्याभरात घट्ट नट आपोआप सैल पडतो. मोटरबरोबर आलेला नाकवाला वॉशर नाक खाचेत बसेल असाच घातला. आणि नट आवळताना अंदाज धरला: २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १६ किलो जोर, म्हणजे ४० न्यूटन-मीटर. वजन उचलायच्या स्प्रिंगकाट्याने एकदा ओढून बघा, हाताला सवय होते. पान्यावर पाइप घालून आणखी आवळू नका. केबलसाठी एक्सल एका बाजूला पोकळ असतो, आटे गेले की मोटरच गेली.

केबल नवी टाकली. जुन्यातून फक्त तुटकी वायर सांधून काम भागवायचा विचार होता, पण एकीचं तांबं तुटलं तर शेजारचीही दमलेलीच असणार. एक्सलमधून बाहेर आल्यावर केबल आधी खाली वळवून मग वर नेली, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळून वळणाच्या तळाशी गळतं, एक्सलमध्ये शिरत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात ह्याला पर्याय नाही.

आता खरा दुसरा भाग, जो मला आप्पांनी दाखवला आणि मी आधी हसण्यावारी नेला होता. चाचणीसाठी त्यांच्या शेडसमोरच्या चढावर गेलो तर पुढचं चाक खर्रकन जागच्या जागी फिरलं, मग पकड आली, गाडीने हिसका दिला. आप्पा म्हणाले, “ह्यो हिसका बघ. ह्योच त्यो हातोडा.” खरं होतं. चाक घसरतं तेव्हा मोकळं सुटतं, पकडतं तेव्हा सगळा जोर एका झटक्यात एक्सलवर येतो. हिशोबातले सव्वादोनशे किलो हे शांतपणे चढतानाचे. हिसक्यात त्याहून जास्त. चिमटा कितीही मजबूत केला तरी हातोडा चालूच राहिला तर कधीतरी काहीतरी तुटणारच.

घसरतं कारण व्हीलचेअरचं वजन मागच्या मोठ्या चाकांवर असतं आणि ओढायचं काम पुढच्या चाकाला लावलंय. शेजारच्या किराणा दुकानातला काटा पुढच्या चाकाखाली ठेवला, मागची चाकं विटांवर तेवढ्याच उंचीला घेतली आणि मी नेहमीसारखा बसलो. मी, खुर्ची आणि सगळा सरंजाम मिळून १०५ किलो. पुढच्या चाकावर फक्त २९. शंभर फुटांत दहा फूट चढणाऱ्या रस्त्यावर वजन मागे झुकतं आणि पुढे साधारण २२ किलो उरतं. तोच चढ चढायला मात्र चाकाला बारा किलोच्या आसपास रेटा द्यावा लागतो. कोरड्या डांबरावर रबराची पकड वजनाच्या साठ-सत्तर टक्के धरली तर २२ किलोवर तेरा-पंधरा किलो रेटा मिळतो. म्हणजे जेमतेम. खडी, वाळू, शेणाचा पो, काहीही मध्ये आलं की चाक घसरणार.

उपाय वजनाचाच. बॅटरी पाठीमागच्या पिशवीत होती, ती पुढच्या चिमट्याच्या वर आणली. ह्या एका बदलाने पुढे तीन किलो वाढले. चढावर पॅडलच्या दांड्यांना धरून दहा सेंटिमीटर पुढे वाकलं की आणखी चार. ज्यांचा पोटाचा तोल चांगला नाही त्यांनी छातीला पट्टा बांधूनच वाकावं. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली. थ्रॉटल एकदम न दाबता, आधी हाताने दोन फेरे मारून गाडी हलवायची आणि मग अंगठा हळूहळू. आता कोरड्या रस्त्यावर हिसका जवळपास बसतच नाही. ओल्या रस्त्यावर पकड निम्म्यावर येते, तिथे वरचे आकडे घालून बघितले तरी जमत नाही. म्हणून पावसात मी समर्थ मंदिराचा चढ घेत नाही, रिक्षा करतो. यवतेश्वरचा घाट तर कोरड्यातही नाही. हिल मॅरेथॉनवाले पळोत बापडे.

मोठी मोटर घालायचा सल्ला हमखास मिळेल. पण वरच्या हिशोबात अडचण जोराची नाहीच, पकडीची आहे. मोठी मोटर तेच चाक जास्त जोराने घसरवेल आणि खाचा जास्त लवकर खाईल. शिवाय २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरीवाहनाला मोटार वाहन नियमांत जी सूट आहे तिच्या बाहेर जाल. कमी फेऱ्यांची मोटर मात्र जरूर बघा. १६ इंची चाकाला मिनिटाला २०० ते २५० फेऱ्यांची पुरते; ताशी १५ ते १९ किलोमीटर भरतात. जास्त फेऱ्यांची मोटर चढावर ताशी पाच-सहाने रखडली की तापते, आणि आतले नायलॉनचे गिअर मऊ पडून दाते सोडतात. तेव्हा आवाज येतो तो ‘घर्रर्र’ असा, ‘धड-धड’ नाही, आणि चाकाला ओढ अजिबात राहत नाही.

एक्सल घट्ट निघाला आणि तरी बंद पडत असेल तर ब्रेकच्या दांडीतला कट-ऑफ स्विच बघा. ब्रेक अर्धवट अडकला की तो मोटर तोडतो. प्लग काढून चालवून बघितलं की लगेच कळतं, फक्त ते सपाटीवर करा. आणि बंद असतानाच चाक उलटं फिरवायला जड, हिसक्यांनी फिरत असेल, पण कंट्रोलरपासून मोटरच्या तीन जाड वायरी काढल्यावर हलकं होत असेल, तर कंट्रोलरच्या आतलं काहीतरी शॉर्ट आहे. वायरी काढूनही जडच राहिलं तर त्या वायरी आपसात चिकटल्यात, म्हणजे परत केबल, म्हणजे परत एक्सल.

चढावर बंद पडली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, कारण आपल्याला उतरून ढकलता येत नाही. मी पुढचा ब्रेक धरून खुर्चीचे दोन्ही पार्किंग ब्रेक लावतो आणि मगच हात सोडतो. पुढच्या एकट्या ब्रेकवर चढावर विसंबू नका. ज्या कारणाने ते चाक ओढताना घसरतं त्याच कारणाने ब्रेक लावल्यावरही मागे घसरतं. खुर्चीला मागे उलटू न देणारी छोटी चाकं असतील तर ती काढू नका.

नवी पट्टी बसवल्याला सात महिने झाले. पहिल्या दहा किलोमीटरनंतर नट पाव फेरा घेतला होता, पन्नासनंतर अगदी किंचित, त्यानंतर काही नाही. महिन्यातून एकदा बघतो. खुर्चीखालच्या पिशवीत आता अठराचा पाना असतो (काही मोटरींच्या नटांना एकोणीसचा लागतो, आपला बघून घ्या), दहाचा असतो, आणि भाचीची ती गुलाबी बाटली. तिने ती परत मागितली होती, तिला दुसरी आणून दिली.